कोमोडोची नागपूरकर बहीण

पावसाळ्यातली सकाळ. रात्रभर पाऊस कोसळून गेलाय. नागपूरच्या कडेचं एखादं नवं ले-आउट, म्हणजे निम्म्या प्लॉटांवर घरं आणि निम्म्यांवर गाजरगवत. अचानक कुणीतरी ओरडतं, "अबे मगर! मगर निंगली!" मग काय विचारता! काकू गॅलरीत, आजोबा फाटकाशी, पोट्टे मोबाईल घेऊन धावत, आणि एक दादा फरशी पुसायचा वायपर उगारून सगळ्यांच्या पुढे. ती 'मगर' बिचारी पाण्याच्या टाकीमागे अंग चोरून बसलेली. गळा फुगवते, फुस्स करते आणि मधूनच शेपटीचा एक फटका हवेत मारते.

अर्थात ती मगर नसतेच. ती असते घोरपड.

हसू नका हं त्या लोकांना. काही वर्षांपूर्वी आपल्या नाग नदीत खरोखरच मगर दिसली होती. त्यामुळे नागपूरकर जरा जास्तच सावध झाले असतील, तर ते समजण्यासारखं आहे. पण या दोघींना वेगळं ओळखणं फार सोपं आहे. मगरीची जीभ तोंडाच्या तळाला चिकटलेली असते, तिला ती बाहेर काढताच येत नाही. घोरपडीची जीभ लांब, टोकाशी दुभंगलेली आणि सारखी आत-बाहेर करणारी. जीभ दिसली की निकाल लागला!

नागपूरला सगळे 'टायगर कॅपिटल' म्हणतात. भिंतींवर वाघ, चौकात वाघ, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पाहुणे आले की पेंच नाहीतर ताडोबाची जिप्सी बुक. मला वाघाबद्दल काही म्हणायचं नाही, त्याचा मान त्याला. पण गंमत बघा. तुमच्या घरामागच्या नाल्यात राहणारी ही घोरपड ज्या कुळातली आहे, त्या कुळातला एक थोरला भाऊ बघायला जगभरातली माणसं विमानं आणि बोटी बदलत इंडोनेशियाच्या बेटांवर जातात. त्या भावाचं नाव कोमोडो ड्रॅगन. आणि आपण त्याच्या बहिणीला वायपरनं हाकलतो.

आधी भावाची ओळख करून घेऊ. कोमोडो, रिंचा, फ्लोरेस आणि आणखी एक-दोन छोटी बेटं, एवढंच त्याचं जग. तिथल्या माणसांना तो पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता. बाहेरच्या जगाला मात्र त्याचा पत्ता विसाव्या शतकात लागला. तेव्हा त्या बेटांवर डचांचं राज्य होतं. जमिनीवर राहणाऱ्या मगरींच्या गोष्टी डच अधिकाऱ्यांच्या कानावर यायच्या. त्यांच्यातल्या एका लेफ्टनंटनं एका प्राण्याचं कातडं आणि फोटो जावा बेटावरच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयाचे संचालक पीटर औवेन्स यांच्याकडे पाठवला. औवेन्सनी १९१२ मध्ये लेख लिहून जाहीर केलं, की ही मगर नव्हे, ही एक प्रचंड घोरपड आहे! म्हणजे घोरपडीला मगर समजण्याची चूक आपल्या ले-आउटमध्येच होते असं नाही.

किती प्रचंड? मोजून नोंदवलेला सगळ्यांत मोठा कोमोडो ३ मीटरांपेक्षाही थोडा लांब होता. हरिण, रानडुक्कर, वेळ पडली तर म्हैससुद्धा तो सोडत नाही. त्याच्या दातांच्या कडा करवतीसारख्या असतात, आणि २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की त्या दातांच्या टोकांवर आणि कडांवर लोखंडाचा पातळ थर असतो. म्हणून ते दात तिथे नारिंगी दिसतात. लोखंडी दातांचा ड्रॅगन! गोष्टीच्या पुस्तकात कुणी असं लिहिलं असतं, तर आपण म्हटलं असतं की लेखकानं जरा जास्तच फेकलंय.

या कुळात आज ८० हून जास्त जाती माहीत आहेत. आफ्रिकेपासून भारतामार्गे थेट ऑस्ट्रेलियापर्यंत त्या पसरल्यात. ऑस्ट्रेलियात एक जात वीतभर लांबीची आहे. इंडोनेशियातल्या बटांटा बेटावर एक घोरपड आहे, चक्क निळी, झाडावर राहणारी. फिलिपिन्समध्ये काही घोरपडी चक्क फळं खातात. आपल्या अंदमानातही एक आहे, पाणघोरपड. ती ओडिशातल्या भितरकनिकात आणि बंगालच्या सुंदरबनातही सापडते, आणि भारतातली सगळ्यांत मोठी घोरपड तीच. ती समुद्रातही पोहते. जावा आणि सुमात्रा यांच्यामधलं क्राकातोआ बेट १८८३ च्या ज्वालामुखीनं जवळपास उडवून दिलं होतं. तिथे सगळं जळून राख झालं. त्यानंतर त्या राखेच्या बेटावर जे प्राणी लवकर येऊन राहिले, त्यांच्यात ही पाणघोरपड होती. पोहत आली असणार, दुसरं काय! बेटांवर घोरपडी इतक्या का सापडतात, याचं एक उत्तर इथेच मिळतं.

भारतात घोरपडीच्या चार जाती आहेत. पाणघोरपड सोडली तर राजस्थानच्या वाळवंटाकडची एक, उत्तरेच्या नद्यांकाठची पिवळी घोरपड एक, आणि चौथी आपली. आपली म्हणजे गोरेवाड्याच्या जंगलात, अंबाझरीच्या काठाला, शेताच्या धुऱ्यावर, जुन्या विहिरीच्या कपारीत, कुठंही सापडणारी. शास्त्रज्ञ तिला 'वरॅनस बेंगालेन्सिस' म्हणतात. नाव बंगालचं असलं तरी ती नागपूरकर आहे, आणि भारतात जवळजवळ सगळीकडे आहे.

आता एक नाव लक्षात ठेवा, वॉल्टर ऑफेनबर्ग. हे अमेरिकेतले सरडेतज्ज्ञ. १९६९ मध्ये ते बायको-मुलांसह कोमोडो बेटावर जाऊन राहिले, तब्बल ११ महिने. विचार करा, वडील सांगतायत, "चला रे, सामान बांधा, आपण ड्रॅगनच्या बेटावर राहायला जातोय." शाळेचं काय केलं असेल देव जाणे! त्यांनी कोमोडो पकडून, खुणा करून, त्यांच्या मागे मागे फिरून एक जाडजूड पुस्तक लिहिलं. आणि मग एवढ्या मोठ्या ड्रॅगनचा अभ्यास केलेल्या या माणसानं पुढची कित्येक वर्षं कुणाला दिली असतील? आपल्या घोरपडीला. तिच्यावरचं त्यांचं पुस्तक १९९४ मध्ये आलं. ज्यानं दोघांनाही जवळून पाहिलं, त्याला आपली घोरपड दुय्यम वाटली नाही, एवढं मला पुरेसं आहे.

तर आता बहिणीकडे या.

पूर्ण वाढलेली घोरपड नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पावणेदोन मीटरपर्यंत भरू शकते. आपल्याला दिसतात त्या बहुतेक याहून लहानच असतात. या लांबीतला निम्म्याहून जास्त भाग शेपटीचा. ही शेपटी म्हणजे तिचं हत्यार. कुणी कोंडीत पकडलं की सपकन फिरवते. घरातल्या पालीची शेपूट तुटते आणि पुन्हा येते, हे तुम्ही पाहिलं असेल. घोरपडीची शेपटी तशी गळून पडत नाही. तुटली तर तुटलीच, नवी येत नाही. भिंतीवर चढण्याचंही तसंच. पालीच्या बोटांखाली अतिशय बारीक केसांचे थर असतात, म्हणून ती काचेवरही चालते. घोरपडीकडे यातलं काहीच नाही. तिची नखं लांब, वाकडी आणि धारदार असतात. खडकातली फट, झाडाची साल, विटांमधली सांध, जिथं नख रुतेल तिथं ती चढते. काचेवर ती सपशेल घसरेल.

तिच्या जिभेचं काम मात्र एकदम न्यारं. घोरपड जीभ बाहेर काढते ती चव घ्यायला नव्हे, वास घ्यायला. हवेतले आणि जमिनीवरचे वासाचे कण जिभेच्या दोन टोकांना चिकटतात. जीभ आत गेली की ते कण टाळूतल्या एका खास अवयवाकडे पोचतात. दोन टोकं कशासाठी? उजव्या टोकावर उंदराचा वास जास्त आणि डाव्या टोकावर कमी असेल, तर उंदीर उजवीकडे गेला! साप हेच करतात. म्हणून घोरपड चालताना मान डावी-उजवीकडे हलवत, जीभ जमिनीवर टेकवत जाते. ती माग काढत असते. पुढच्या वेळी दिसली तर पाहा, ती बावरून इकडेतिकडे बघत नसते, कामात असते.

आणि आता माझा सगळ्यांत लाडका भाग. श्वास!

आधी एक अडचण समजून घ्या. बहुतेक सरडे पळतात आणि थांबतात, पळतात आणि थांबतात. बागेतला सरडा पाहा. सुर्रकन पाच-सात फूट, मग थांबला. का? सरडा चालताना त्याचं अंग डावीकडे-उजवीकडे वळतं. ते वळवायला छातीच्या बाजूचे जे स्नायू लागतात, तेच स्नायू श्वास घ्यायलाही लागतात. एकाच वेळी दोन्ही कामं नीट होत नाहीत. जोरात पळताना श्वास अपुरा पडतो, सरडा दमतो, थांबतो.

घोरपड मात्र पळतच राहते. तिचा पाठलाग केलेल्या कुठल्याही कुत्र्याला विचारा! मग तिला श्वास कसा पुरतो? १९९९ मध्ये अमेरिकेतल्या काही शास्त्रज्ञांनी हे शोधायचं ठरवलं. त्यांनी आफ्रिकेतल्या एका जातीच्या घोरपडीला ट्रेडमिलवर पळवलं. हो, जिममधल्या त्याच पट्ट्यासारख्या पट्ट्यावर. तिच्या शेजारी हिरवा इग्वाना नावाचा दुसरा मोठा सरडाही पळवला. पळताना इग्वानाचा श्वास अडखळला. घोरपडीचा गळा मात्र सारखा फुगत आणि दबत होता. लोहाराचा भाता हवा ढकलतो ना, तशी ती गळ्यानं हवा दाबून फुप्फुसात भरत होती. छातीचे स्नायू पळण्यात गुंतले तर गुंतू देत, गळा आहे की! खात्री करायला शास्त्रज्ञांनी एक युक्ती केली. घोरपडीचं तोंड अलगद उघडं ठेवलं. तोंड उघडं असलं की गळ्यानं हवा दाबता येत नाही. लगेच तिला मिळणारी हवा कमी झाली.

म्हणजे टाकीमागे दडलेली घोरपड गळा फुगवते तेव्हा ती घाबरवत तर असतेच, पण तोच गळा तिला पळण्यासाठी हवा भरून देणारं यंत्रही आहे. पुढे २०१३ मध्ये आणखी एक गोष्ट सापडली. आपल्या फुप्फुसात हवा आत जाते आणि त्याच वाटेनं बाहेर येते. पक्ष्यांच्या फुप्फुसात ती बऱ्याच भागांत एकाच दिशेनं वाहते. त्याच आफ्रिकी घोरपडीच्या फुप्फुसातही हवा मोठ्या प्रमाणात एकाच दिशेनं वाहते असं दिसलं. सरडा आहे, पण श्वासाच्या बाबतीत पक्ष्याच्या वाटेवर!

तिला पाणीही चालतं. पोहते, बुडी मारते, आणि पंधरा मिनिटांहून जास्त वेळ पाण्याखाली राहू शकते. (तुम्ही हे करून बघायचं नाही. अंबाझरीत तर मुळीच नाही.) मागच्या दोन पायांवर उभी राहून मान उंच करून आजूबाजूला बघायची सवयही तिला आहे. पहिल्यांदा दिसलं तर दचकायला होतं.

नागपूरच्या हवेशी तिचं कसं जमतं, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि डिसेंबर-जानेवारीत कधी कधी ७-८ अंशांपर्यंत उतरतो. घोरपड स्वतःचं अंग आतून तापवू शकत नाही. सकाळी उन्हं अंगावर घेतल्याशिवाय तिची गाडी सुरूच होत नाही. म्हणून ती सकाळी बांधावर, दगडावर, डांबरी रस्त्याच्या कडेला पसरलेली दिसते. आणि दुर्दैवानं रस्त्यावरच चिरडलीही जाते. अंग तापलं की खाणं शोधायला निघते, भर दुपारच्या उन्हात बिळात किंवा झाडाच्या ढोलीत शिरते. थंडीत तर दिवसच्या दिवस बिळातच असते. पावसाळा हा तिचा खरा हंगाम. बिळात पाणी शिरतं, किडे-बेडूक उदंड होतात, आणि मग ती आपल्या अंगणात येते.

खाते काय? इथे मोठी माणसं हमखास चुकतात. "कोंबड्या खाते!" म्हणतात. संधी मिळाली तर अंडी आणि पिल्लं पळवते, हे खरं आहे, लपवत नाही. पण तिचं रोजचं जेवण म्हणजे भुंगेरे, अळ्या, नाकतोडे, गोगलगायी, विंचू, खेकडे, बेडूक, उंदीर आणि मेलेलं जनावर. पाणी भरलेल्या धानाच्या बांधीत बांध पोखरणारे खेकडे आणि धान कुरतडणारे उंदीर यांच्यासाठी ती यमदूत आहे. रामटेक-मौद्याकडे शेती असलेल्या मित्राला हे जरूर सांगा. एवढं मोठं जनावर, पण पोट भरतं ते बहुतेक करून किडेमकोडे वेचून. भावाची म्हैस आणि बहिणीचे भुंगेरे!

ती हुशार आहे का? आफ्रिकेतल्या दुसऱ्या एका घोरपडीची परीक्षा अमेरिकेतल्या सॅन दिएगो प्राणिसंग्रहालयात घेतली होती. तिला दर वेळी ठरावीक संख्येनं गोगलगायी द्यायच्या, त्या संपल्या की पुढच्या खोलीचं दार उघडायचं आणि तिथे पुन्हा गोगलगायी. सवय झाल्यावर एक दिवस त्यांतली एक गोगलगाय गुपचूप काढून घेतली. दार उघडं होतं, पलीकडे जेवण दिसत होतं, तरी घोरपड हरवलेली गोगलगाय शोधत बसली! सहापर्यंत तिला बरोबर कळायचं, त्याच्या पुढे गोंधळ उडायचा. आपल्या घोरपडीची अशी परीक्षा कुणी घेतली तर ती किती गुण मिळवेल, हे बघायला मला फार आवडेल.

आता अंड्यांची गोष्ट. पावसाळ्याच्या सुमारास मादी साधारण २० अंडी घालते. जमिनीत खड्डा उकरते, नाहीतर वारुळात भोक पाडते. वारूळ कशाला? वाळवी आपलं घर आतून उबदार आणि दमट ठेवते, अंड्यांना नेमकं तेच हवं असतं. ऊब देण्याचं काम वाळवीकडे सोपवून घोरपड मोकळी! अंडी घातली की मादी भोक बुजवते, आणि जवळपास आणखी दोन-चार ठिकाणी माती उकरून ठेवते. अंडी चोरणाऱ्यानं खोदत बसावं, म्हणून. त्यानंतर ती निघून जाते. सहा महिने, कधी आठ महिने अंडी तशीच जमिनीत. म्हणजे या पावसाळ्यात घातलेली अंडी पुढच्या वर्षी फुटतात. ऑस्ट्रेलियातली एक घोरपड तर गोल गोल जिन्यासारखं बीळ खणत ३ मीटरांहून खोल जाते आणि तिथे अंडी घालते. एक मजली घर उलटं जमिनीत घातलं तर जेवढं होईल, तेवढं.

कोमोडोच्या पिल्लांचं बालपण अवघडच. मोठे कोमोडो लहानांना खातात, त्यामुळे पिल्लं पहिली काही वर्षं झाडावर काढतात. खाली यावंच लागलं तर ऑफेनबर्गनी पाहिल्याप्रमाणे ती मेलेल्या जनावराच्या आतड्यातल्या घाणीत लोळतात, म्हणजे मोठ्यांना त्यांना तोंड लावावंसं वाटत नाही. शी! पण युक्ती झकास. आणि इंग्लंडच्या चेस्टर प्राणिसंग्रहालयात फ्लोरा नावाची एक कोमोडो मादी होती. तिनं कधीही नराचं तोंड पाहिलं नव्हतं. तिनंही अंडी घातली, आणि त्यांतून २००७ मध्ये पिल्लं बाहेर आली. बाबांशिवाय! शास्त्रज्ञांनी अंड्यांची तपासणी करून ते पक्कं केलं.

आपल्या घोरपडीचं पिल्लू दिसायला आईहून वेगळं असतं. गडद अंगावर पिवळसर ठिपके आणि पट्टे. आणि याच ठिपक्यांनी पिल्लांचा घात केलाय. नागपुरात हिंदी बोलणाऱ्या कितीतरी लोकांना वाटतं, की हा 'गोहेरा' नावाचा वेगळाच प्राणी आहे आणि तो इतका विषारी, की चावला तर माणूस पाणी मागायच्या आत मरतो. असा कुठलाही वेगळा प्राणी नाही. ते घोरपडीचं बाळ असतं. नागासारखे विषदात घोरपडीला नसतात. तिच्या जबड्यातल्या ग्रंथींमधून काय पाझरतं यावर शास्त्रज्ञांचे वाद आहेत, पण आपल्याला समजून घ्यायचं ते एवढंच, की तिला छेडलं तर ती जोरात चावते, सहज सोडत नाही आणि जखम चिघळू शकते. चावलीच तर जखम साबण-पाण्यानं धुवा आणि सरळ दवाखान्यात जा. मांत्रिकाकडे नको.

मोठ्या माणसांजवळ घोरपडीचं नाव काढलं की दुसरी गोष्ट हमखास निघते ती तानाजीची. फेब्रुवारी १६७० ची रात्र, कोंढाण्याचा कडा आणि यशवंती घोरपड. तिच्या कमरेला दोर बांधला, ती कड्यावर चढून घट्ट बसली आणि दोरावरून मावळे चढले. गोष्ट ऐकताना अंगावर काटा येतो. पण थोडं गणित करू. आपली घोरपड फार तर सात किलोंची. दोराला लोंबकळणारा मावळा शस्त्रांसकट साठ किलोंचा तरी असणारच. आता दुसरी बाजू. घोरपड खडकाच्या फटीत शिरून अंग फुगवून बसली, तर तिला ओढून काढणं खरोखरच फार कठीण असतं, ही गोष्ट शिकाऱ्यांनाही ठाऊक होती. पण माणसामागून माणूस चढेपर्यंत तिनं जागचं हलू नये, असं तिला सांगणार कोण? तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात यशवंती आहे. सभासदाच्या बखरीत मावळे आपल्या हातापायांनी कडा चढतात, घोरपड तिथं नाही. माझं मत विचाराल तर मी बखरीच्या बाजूनं. अंधाऱ्या रात्री नुसत्या हातापायांनी तो कडा चढणारे मावळे मला घोरपडीपेक्षाही भारी वाटतात.

घोरपडीचं सगळ्यांत मोठं दुखणं मात्र पोवाड्यातलं नाही, बाजारातलं आहे. तिचं मांस खाल्लं तर कंबरदुखी जाते, तेल चोळलं तर गुडघे सुधारतात, अशा समजुतींपायी ती मारली जाते. पूर्वी दिमडी आणि खंजिरीवर तिचं कातडं चढवायचे. आणि एक फसवाफसवी तर डोकं चक्रावून टाकणारी आहे. 'हत्था जोडी' नावाची एक वस्तू विकली जाते, जोडलेल्या दोन हातांसारखी दिसणारी. विकणारा सांगतो, ही दुर्मिळ वनस्पतीची मुळी, घरात ठेवा, पैसा येईल. लोक हजारो रुपये मोजतात. प्रयोगशाळेत तपासलं तर निघाला नर घोरपडीच्या शरीराचा वाळवलेला भाग! म्हणजे घरी पैसा येण्यासाठी कुणीतरी एक मेलेली घोरपड देवघरात ठेवतं. तुमच्या ओळखीत कुणाकडे अशी 'मुळी' असेल, तर त्यांना हे सांगा. आणि हेही सांगा, की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत! तिला मारणं, पकडणं, विकणं, पाळणं, सगळ्याला तुरुंगवास आहे, कमीत कमी तीन वर्षं.

मग अंगणात घोरपड आली तर काय करायचं? पहिली गोष्ट, कुत्र्याला बांधा. दुसरी, लहान भावंडांना घरात घ्या आणि फाटक उघडं ठेवा. निम्म्या वेळा ती आपली आपण निघून जाते. तिला वाट दिसली पाहिजे आणि वाटेत माणसं नकोत, एवढंच. शेपटी धरायची नाही, दगड मारायचा नाही, सेल्फी तर मुळीच नाही. विहिरीत पडली असेल, जाळीत अडकली असेल किंवा जखमी असेल, तर घरच्या मोठ्या माणसांना वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायला लावा. नागपुरात सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं जखमी वन्यप्राण्यांसाठीचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. तिथे असे प्राणी उपचारासाठी नेतात आणि बरे झाले की जंगलात सोडतात.

आणि तुमच्यासाठी एक काम. घोरपडीचं चित्र काढून मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. चित्र बघताना मी तीन गोष्टी तपासणार आहे. जीभ दुभंगलेली हवी, शेपटी अंगापेक्षा लांब हवी आणि नाकपुडी तिरक्या चिरेसारखी, नाकाच्या टोकापेक्षा डोळ्याच्या थोडी जवळ हवी. ही शेवटची गोष्ट भले भले चित्रकार विसरतात. चित्राच्या मागे तुमचं नाव, इयत्ता आणि घोरपड कुठे पाहिली ते लिहा. पाहिली नसेल, तर तसंही लिहा.